पिवळ्या निशाणाखाली ओस्बर्ट

यूडोरानं नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, "धक्क्यावर जा, पोरीला लांबून हात हलव आणि परत ये." ओस्बर्ट लाव्हियानं एवढंच केलं असतं, तर त्या रविवारी अँस मापूच्या खाडीत काही घडलंच नसतं. पण निघताना त्यानं चुलीवर भाजलेल्या नीरफणसाचं भांडं उचललं. हातात काहीतरी असलं म्हणजे बोलायचं काय, हा प्रश्न सुटतो असा त्याचा हिशेब होता. (तो सुटत नाही. उलट हात अडकतात आणि प्रश्न तसाच राहतो.)

ओस्बर्ट हा त्या खाडीतला एकुलता एक सरकारी माणूस. जकात तोच बघायचा, परदेशी लोकांचे पासपोर्ट तोच तपासायचा आणि शिक्काही तोच मारायचा. अँस मापूला जगभरातून शिडाच्या बोटी येतात. नियम साधा आहे. परदेशी बोटीनं धक्क्यापासून लांब नांगर टाकायचा आणि पिवळं निशाण चढवायचं. कागद घेऊन फक्त कप्तानानं किनाऱ्यावर यायचं. शिक्का बसेपर्यंत बाकी कुणी उतरायचं नाही आणि किनाऱ्यावरच्या कुणी बोटीवर चढायचं नाही. जो चढेल तो त्या बोटीचा धरला जाईल आणि तिच्या लोकांबरोबरच उतरेल. शिक्का बसला की पिवळं निशाण खाली येतं, आपल्या देशाचं वर जातं, आणि मग धक्क्याचा राखणदार टायटस तिला बांधायला जागा देतो.

हा नियम ओस्बर्ट डोळ्यांत तेल घालून पाळायचा. एकदा फादर लूशियन एका फ्रेंच बोटीला आशीर्वाद द्यायला म्हणून शिक्क्याआधीच वर चढले. फादर मूळचे परदेशी आणि त्यांचा पासपोर्ट बिशपसाहेबांकडे, राजधानीत. ओस्बर्टनं त्यांना खाली उतरू दिलं नाही. "फादर, मी तुम्हाला ओळखतो," तो हात जोडून म्हणाला, "पण शिक्का तुम्हाला ओळखत नाही." त्या रविवारी गावाला प्रार्थनेविना राहावं लागलं. दोघातिघांनी ओस्बर्टचे गुपचूप आभारही मानले.

आता त्याच खाडीत त्याच्याच मुलीची बोट पिवळं निशाण लावून उभी होती.

बोट आली ती शनिवारी संध्याकाळी, कचेरी बंद झाल्यावर. रविवारी कचेरी बंद. सोमवारी सणाची सुट्टी. आणि मुलीचा, म्हणजे कोरीनचा, नवरा योस्त हा डच माणूस. त्याला ती बोट दक्षिणेला तिच्या मालकाकडे पोचवायची होती, म्हणून सोमवारी पहाटे निघायचं ठरलेलं. म्हणजे सहा वर्षांनी आलेली पोर आईचं घर पाण्यातून बघणार आणि तशीच पुढे जाणार. नात तर यूडोरानं अजून हातातही घेतली नव्हती.

"रविवारी कचेरी उघडता येते की," सकाळी कोकोचा चहा ओतताना यूडोरा म्हणाली होती.

"बोटीवर कुणी आजारी असेल किंवा कुणाला लागलं असेल तर."

"मग कुणाचं तरी पोट दुखू दे."

"कुणाचं?"

"जावयाचं. परदेशी माणूस आहे बिचारा. आपलं पाणी बाधलं असेल."

"आपलं पाणी अजून तो प्यायलेला नाही, यूडोरा. सगळा मुद्दा तोच तर आहे."

यूडोरानं किटली आपटली. "मिस्टर लाव्हिया," ती म्हणाली. (ती नवऱ्याला 'मिस्टर लाव्हिया' म्हणाली की शेजारचे लोक खिडक्या लावून घेत, किंवा उघडत, ज्याच्या त्याच्या स्वभावावर.) "तुमचा नियम तुम्हाला म्हातारपणी भाकरी वाढायला येणार आहे का?"

खरं सांगायचं तर नियम हे निमित्तच होतं. कोरीन गेली तेव्हा तो तिला नाही नाही ते बोलला होता. "हे लोक माझ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहितात, की आम्ही फक्त वाटेत थांबलोय. आणि तू त्यातल्या एकाबरोबर संसार थाटणार?" कोरीननं पिशवी भरली. तेव्हापासून फोन वाजला की तो यूडोरा उचलायची आणि ओस्बर्ट झारी घेऊन बागेत जायचा.

तर असा तो रविवारचा सूट आणि चकाकते बूट घालून, भांडं मांडीशी धरून, आपलं होडकं वल्हवत निघाला. बोटीपासून चार हातांवर त्यानं वल्ही थांबवली. कोरीन कठड्याशी उभी होती. ती भरली होती अंगानं, आणि केस आखूड कापले होते. सहा वर्षांत मनात जमवलेली सगळी वाक्यं ओस्बर्टच्या घशाशी आली आणि एकमेकांना अडवून बसली.

"बोटीवर माणसं किती?" त्यानं विचारलं.

"तीन," कोरीन म्हणाली. "तुम्ही बरे आहात ना, डॅडी?"

"आईनं नीरफणस पाठवलाय."

हे खोटं होतं. तो त्यानं स्वतः उचलून आणला होता. पण ते सांगणं म्हणजे फारच काही सांगितल्यासारखं झालं असतं. कठड्याच्या खालच्या दांडीतून एक लहान मुलगी पोटावर पडून त्याच्याकडे बघत होती. ही फ्लूर. तिनं हात पुढे केला. ओस्बर्टनं मनातल्या मनात नियम तपासला. बोटीवरून फळं उतरवायला बंदी आहे, चढवायला नाही. आपण चढायचं नाही, बोटीला हात लावायचा नाही, फक्त भांडं वर द्यायचं. तो होडक्यात उभा राहिला आणि त्यानं भांडं उंच धरलं.

फ्लूरनं भांडं घेतलंच नाही. तिनं आजोबांचा अंगठा पकडला.

आता लहान मुलानं अंगठा पकडला की तो किती घट्ट पकडतं हे ज्यानं त्यानं अनुभवलेलं असतं. ओस्बर्ट ते विसरला होता. त्यानं हळूच अंगठा सोडवून बघितला, ती हसली आणि तिनं दुसरा हातही लावला. तेवढ्यात खाडीतून प्रवासी बोट गेली, तिची लाट आली आणि होडकं पायाखालून सरकायला लागलं. ओस्बर्टचा एक पाय होडक्यात, दुसरा बोटीच्या शिडीवर, एका हातात नीरफणस आणि दुसरा नातीच्या ताब्यात. सुटाचा एक टाका तुटल्याचा आवाज धक्क्यापर्यंत ऐकू गेला असं टायटस पुढे सांगत असे. योस्तनं धावत येऊन सासऱ्याची कॉलर धरली आणि वर ओढलं. चकाकते बूट ओल्या फळीवरून घसरले. ओस्बर्ट डेकवर आडवा झाला. भांडं मात्र त्यानं सरळ धरलं होतं.

रिकामं होडकं आपल्या आपण किनाऱ्याकडे निघालं.

"ऑफिसर!" धक्क्यावरून टायटस ओरडला. "होडकं घेऊन येऊ का?"

"लांब राहा!" ओस्बर्ट झोपल्या जागेवरून ओरडला. "मी आता या बोटीचा आहे!"

धक्क्यावर लोक जमायला लागले. प्रार्थना नुकतीच सुटली होती आणि अँस मापूत रविवारी दुपारपर्यंत दुसरं काही बघण्यासारखं नसतं.

कोरीन बापाशेजारी खाली बसली. "लागलं का?"

"नाही."

"घोटा सुजलाय."

"तो पहिल्यापासून तसाच आहे."

तिनं त्याच्या बुटाची नाडी सोडली. ओस्बर्टला एकदम आठवलं की हिच्या शाळेच्या बुटांच्या नाड्या तो बांधायचा, आणि ती त्याच्या डोक्यावर हात टेकून उभी राहायची. त्यानं मान फिरवली आणि पिवळ्या निशाणाकडे बघितलं. ते छान फडकत होतं. त्यात त्याला काही खोट काढता आली नाही.

"मी फोन केला की तुम्ही बागेत जाता," कोरीन म्हणाली. "मम्मी सांगते, जास्तीच्या पाण्यानं टोमॅटो कुजले."

"कुजले खरे," ओस्बर्ट म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मला राग आला होता. पहिलं वर्षभर होता. मग संपला."

"मग?"

"मग कळेना की संपला हे सांगायचं कसं. तुझा फोन वाजला की भीती वाटायची. तू विचारशील, डॅडी कसे आहात, आणि मी सांगून टाकीन."

"काय सांगाल?"

ओस्बर्टनं उत्तर द्यायला वेळ घेतला. परदेशी माणसाला एवढा वेळ लागला असता तर त्याला संशय आला असता. "घर फार मोठं झालंय," तो म्हणाला. "तुझी आई अजून तीन ताटं काढते आणि एक परत ठेवते."

कोरीनच्या हातातली नाडी तशीच राहिली. ती रडत होती आणि तरी हसत होती, आणि ओस्बर्टला दोन्हीचं काय करायचं ते कळेना, म्हणून त्यानं तिच्या आखूड केसांवर हात ठेवला. फ्लूरनं तेवढ्यात निम्मा नीरफणस उकरला होता.

"आता खरं सांगा," कोरीन नाक पुसत म्हणाली. "लागलंय की नाही?"

"लागलंय. चांगलंच दुखतंय."

योस्त इतका वेळ सासऱ्याच्या बुटाकडे आदरानं बघत उभा होता. त्यानं घसा साफ केला. "बोटीवर कुणाला लागलं असेल तर रविवारी पण धक्क्याला लावता येतं ना? म्हणजे मी असं वाचलंय."

ओस्बर्टनं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. माणूस नियम वाचून आला होता. पण खात्री करून घेतल्याशिवाय ओस्बर्ट ऐकणारा नव्हता. त्यानं कठडा धरून त्या पायावर उभं राहून बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की धक्क्यावरच्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. खात्री पटल्यावर त्यानं रेडिओ मागितला.

अँस मापूत प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीत रेडिओ असतो. बोटींसाठीची एकच वाहिनी, आणि ती सगळं गाव ऐकतं.

"टायटस, बोटीवर एक माणूस जखमी आहे. धक्क्याला लावायची परवानगी हवी."

"जखमीचं नाव?"

"तू समोर उभा आहेस, टायटस. दिसतोय मी तुला."

"दिसतंय हो, ऑफिसर. पण नाव, देश आणि इजा, तिन्ही विचारल्याशिवाय जागा द्यायची नाही असं तुम्हीच मला दम देऊन सांगितलंय."

"ओस्बर्ट लाव्हिया. इथलाच. घोटा."

"डावा की उजवा?" एका बाईचा आवाज आला.

"मिस अगाथा, वाहिनी मोकळी ठेवा!" (अँस मापूत लग्न झालेली बाईही 'मिस'च असते.)

"मोकळीच आहे रे बाबा. मी म्हटलं, डावा असेल तर माझ्याकडे तेल आहे."

मग यूडोराचा आवाज आला. ती धापा टाकत होती. "ओस्बर्ट? खरंच लागलंय तुला?"

"हो, यूडोरा."

"देवाची कृपा!" यूडोरा म्हणाली आणि सगळ्या गावानं ते ऐकलं.

टायटसनं बोटीला अगदी पुढची जागा दिली, जिथे एरवी मंत्र्यांची लाँच लागते. दोर बांधून होईस्तोवर यूडोरा शिक्क्याची पेटी घेऊन धक्क्यावर हजर. तिची मुलगी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, मध्ये फक्त पाण्याची एक पट्टी, आणि तरी तिनं हात पुढे केला नाही. तिनं पेटी टायटसकडे दिली, टायटसनं ती काठीला अडकवून ओस्बर्टकडे दिली. "मार लवकर," एवढंच यूडोरा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

ओस्बर्टनं डेकवर बसून, गुडघ्यावर पाट घेऊन काम सुरू केलं. बोटीवरच्या माणसांची यादी केली. योस्त. कोरीन. फ्लूर. आणि खरेपणाला धरून चौथं नाव स्वतःचं लिहिलं. मग पासपोर्ट घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदाच पानं न वाचता शिक्के मारले. कोरीनच्या पानावर शिक्का वाकडा बसला. पिवळं निशाण खाली आलं. कोरीननं धक्क्यावर उडीच मारली, आणि यूडोरानं तिला धरलं ते असं, की मिस अगाथा तेलाची बाटली हातात घेऊन उगीच दुसरीकडे बघायला लागली.

मग यूडोरानं नातीला घेतलं. तिला उभं धरून बघितलं, आडवं धरून बघितलं, तिचे नीरफणसानं माखलेले हात स्वतःच्या रविवारच्या झग्याला लागू दिले. ओस्बर्टला फार बरं वाटलं. योस्तच्या खांद्यावर भार टाकून तोही एक पाय नाचवत धक्क्याकडे निघाला.

"थांब," यूडोरा म्हणाली.

तो थांबला.

"तुझा पासपोर्ट?"

"माझा?"

"यादीत चार माणसं लिहिलीस ना? टायटस, शिक्के किती मारले?"

"तीन, मिस यूडोरा," टायटस म्हणाला. पुढे आपण साक्षीदार ठरणार हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

ओस्बर्टकडे पासपोर्ट नव्हता. तो कधी राजधानीपलीकडे गेलेला नाही. ज्या माणसानं अर्ध्या जगाचे पासपोर्ट चाळले त्याला स्वतःला कधी कुणी कुठे बोलावलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला त्या क्षणी पहिल्यांदाच लागली.

"यूडोरा, मी बत्तीस वर्षं तुझा नवरा आहे."

"मी तुला ओळखते. शिक्का ओळखत नाही."

गर्दीत फादर लूशियन होते. त्यांनी डोळे मिटून आकाशाकडे तोंड केलं.

"बरं, मग मीच माझ्यासाठी—"

"स्वतःच्या नावावर स्वतःच शिक्का मारणार? मिस्टर लाव्हिया?"

हे तर अशक्यच होतं. ओस्बर्ट परत खाली बसला. टायटसनं राजधानीतल्या कचेरीला फोन लावला. सुट्टीतही कामावर असलेल्या पहारेकऱ्यानं सांगितलं की दुसरा अधिकारी मंगळवारी येईल.

"पण आम्हाला उद्या पहाटे निघायचंय," योस्त म्हणाला.

यूडोरानं नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "जा की. पण आमचा सरकारी अधिकारी बोटीवर असताना बोट देशाबाहेर नेली तर त्याला पळवून नेणं म्हणतात. हो ना रे, ओस्बर्ट?"

ओस्बर्टनं बायकोकडे बघितलं. ती निरागसपणे ढगांकडे बघत होती. आणि मग त्याला कळलं. इथलाच माणूस असेल तर जन्माचा दाखला चालतो, आणि तो बघून अधिकाऱ्याच्या शिक्क्याऐवजी टायटसनं नुसती सही केली तरी उतरता येतं. तो दाखला घरी पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात होता. डबा यूडोरानंच तिथे ठेवला होता, आणि दाखला चालतो हेही तिला माहीत होतं. ओस्बर्टनं जेवताना निदान शंभरदा तरी सांगितलं असेल. त्यानं तोंड उघडलं. धक्क्यावर कोरीन आईच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, लहानपणी राहायची तशी.

ओस्बर्टनं तोंड मिटलं. "अगदी बरोबर," तो म्हणाला. "पळवून नेणंच ते. फार गंभीर गुन्हा."

नोकरीत त्यानं लपवलेला हा एकच नियम.

तर असे दोन दिवस. बोटीला आता शिक्का होता, त्यामुळे कुणीही वर यायला मोकळं होतं. उतरायला मोकळा नव्हता तो फक्त ओस्बर्ट. यूडोरानं घरातलं टेबल धक्क्यावर आणलं. खारवलेला मासा आला, कलालूच्या पाल्याची भाजी आली, मिस अगाथाचं तेल आलं आणि लागलीच गेलं, कारण त्याचा वास भाजीला लागायला लागला. कोरीन दोन्ही रात्री आपल्या जुन्या खोलीत झोपली. सकाळी येऊन ती बापाला सांगायची की पलंग अजून त्याच जागी करकरतो. योस्तनं सासऱ्याला शिडाच्या दोरांची नावं शिकवली, आणि सासऱ्यानं जावयाला नियमाची अठ्ठावीस कलमं. दोघांनीही कुरकुर केली नाही. फ्लूर त्याच्या दुखऱ्या पायावर रोज बसायची आणि तो तिला बसू द्यायचा.

सोमवारी फादर लूशियन आले. ओस्बर्टशेजारी खुर्ची टाकून ते तासभर बसले. एक शब्दही बोलले नाहीत. जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि निघाले. एवढं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर ईस्टरलाही दिसत नसे.

मंगळवारी राजधानीहून डेल्फिना जोजफ नावाची तरुण अधिकारी आली. कडक इस्त्री, कडक चेहरा. नोकरीला लागली तेव्हा ओस्बर्टनंच तिला शिकवलं होतं, आणि नेमकं तेच आता महागात पडणार होतं. पत्र्याच्या डब्यातला जन्माचा दाखला यूडोराला सोमवारी संध्याकाळीच 'सापडला' होता. डेल्फिनानं तो उजेडात धरून बघितला, ओस्बर्टकडे बघितलं, परत दाखल्याकडे.

"येण्याचं कारण?"

"डेल्फिना, अगं मी—"

"कारण, सर."

ओस्बर्टनं मागे बघितलं. योस्त दोर सोडायची तयारी करत होता. कोरीन आईच्या गळ्यात पडून 'नाताळात येते, नक्की येते' म्हणत होती, आणि मग ती बापाकडे आली आणि म्हणाली, "रविवारी फोन करते. झारीला हात लावायचा नाही." त्यानं मान डोलावली. बोलायला गेला असता तर सगळ्या धक्क्यासमोर रडला असता, आणि तसंही तो थोडा रडलाच.

"कुटुंबाला भेटणं," तो डेल्फिनाला म्हणाला.

"उतरणार कुणाकडे?"

त्यानं यूडोराकडे बोट दाखवलं.

"बाई, हे गृहस्थ तुमच्याकडे राहणार असं म्हणतात. खरं आहे?"

यूडोरानं डोळे पुसले. मग तिनं नवऱ्याकडे नीट बघितलं: टाका उसवलेला सूट, एका पायात बूट, दुसऱ्या पायाला तेलकट फडकं.

"किती दिवसांसाठी लिहू?" डेल्फिनानं विचारलं.

"सध्या नाताळापर्यंत लिही," यूडोरा म्हणाली. "पोरीचा फोन उचलतो का बघते. मग वाढवायचं की नाही ते ठरवू."

डेल्फिनानं तेच लिहिलं आणि शिक्का मारला.